लाँच, बार्ज आणि कार्बनचा हिशोब : नव्याने पाण्यात उतरणाऱ्यांसाठी

ऑक्टोबरात एक पोरगा माझ्याकडे आला. खाडीत फेऱ्या मारायला जुनी लाँच घ्यायची होती, कर्जाचं जवळपास ठरलं होतं. हातात नेटवरून काढलेल्या कागदांचा गठ्ठा. "दादा, सगळं वाचलंय. फक्त एवढं सांगा, माझ्या लाँचला सीआयआय रेटिंग कुठून काढायचं?" सीआयआय म्हणजे मोठ्या जहाजांना कार्बनवरून मिळणारा दर्जा. मी गठ्ठा बाजूला ठेवला नि विचारलं, "मालक रोजचं डिझेल किती सांगतोय?" ते त्याने विचारलंच नव्हतं.

मी लाँच-बार्जची कागदपत्रं करून देतो. त्याआधी बरीच वर्षं इंजिनरूममध्ये काढली, म्हणून कागद आणि धूर दोन्ही जवळून पाहिलेत. त्या पोराला जे दोन संध्याकाळी सांगितलं, ते इथे एकत्र लिहितो.

१. आधी आपलं पाणी ओळखा

जहाजांच्या कार्बनबद्दल शोधायला गेलं की पहिल्या फटक्यात आंतरराष्ट्रीय सागरी संघटना, मार्पोल (जहाजांच्या प्रदूषणाबद्दलचा) करार आणि त्याचं सहावं परिशिष्ट समोर येतं. सीआयआय रेटिंग त्यातलंच. ते ५,००० ग्रॉस टन आणि त्यावरच्या, देशोदेशी फिरणाऱ्या जहाजांसाठी आहे. साठ माणसांची लाँच किंवा गोव्याच्या मांडवी नदीतला बार्ज त्यात बसत नाही. तो गठ्ठा खुशाल रद्दीत घाला.

आपला कायदा म्हणजे अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१. त्याने १९१७ सालचा इंग्रजांच्या काळातला कायदा मोडीत काढला. अंमल २०२२ पासून सुरू झाला आणि त्याच वर्षी नोंदणी, सर्वे, बांधणी, खलाशी, प्रदूषण यांचे वेगवेगळे नियम आले. पूर्वी एका राज्यात नोंदलेली बोट दुसऱ्या राज्यात न्यायची तर तिथेही परवानगीसाठी खेटे घालावे लागायचे. आता एक नोंदणी देशभर चालते. गोव्यातला बार्ज रायगडच्या खाडीत आणणाऱ्यांना हा फरक विचारा. अर्ज मात्र राज्याकडेच करायचा : महाराष्ट्रात मेरीटाईम बोर्ड, गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्स.

२०१६ च्या कायद्याने देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग झाले. आपल्याकडची अंबा नदी १० नंबरची, कुंभारजुव्याचा कालवा २७, मांडवी ६८, जुवारी १११. खाडीला नंबर मिळाला म्हणजे बोटीचे कागदही दिल्लीला जातात, असं नाही. ते इथेच होतात.

यानंतर झोन बघा. कायद्यात पाण्याचे तीन झोन आहेत, लाटेच्या उंचीवरून ठरवलेले : २ मीटरपर्यंत लाट असेल तर पहिला, १.२ मीटरपर्यंत दुसरा, ०.६ मीटरपर्यंत तिसरा. हे फक्त सुरक्षिततेचं प्रकरण नाही. झोनवरून बोटीचं बांधकाम ठरतं, बांधकामावरून वजन आणि वजनावरून डिझेल. शांत खाडीत चालवायला पहिल्या झोनची जडशीळ बोट "स्वस्तात मिळाली" म्हणून घेणारे मी पाहिलेत. ते लोखंड वर्षानुवर्षं इकडून तिकडे वाहत बसतात. उलट, नदीच्या मुखाबाहेर समुद्रात जायचं असेल तर हा कायदा पुरत नाही, नौवहन महासंचालकांचे नियम लागतात. ते व्यवहाराआधीच विचारून घ्या.

२. सक्ती कशाची, उद्दिष्ट कशाचं

इथे नव्या माणसाचा सर्वांत जास्त गोंधळ होतो. प्रदूषण आणि कार्बन या दोन गोष्टी कागदावर वेगळ्या आहेत.

प्रदूषणाबाबत सक्ती आहे. नोंदणी आणि सर्वेच्या दाखल्यांसोबत प्रदूषण प्रतिबंधाचा दाखलाही लागतो. तेल, बिल्जमधलं (बोटीच्या तळाशी साचणारं) तेलकट पाणी, मैला, कचरा पाण्यात सोडायचा नाही. हे सगळं सर्वेला आलेला माणूस डोळ्यांनी बघतो. बिल्जमध्ये हात घालून बोटं चोळून बघणारे सर्व्हेयरही आहेत.

कार्बनबाबत तशी सक्ती नाही. लाँचने किलोमीटरला अमुक इतकाच कार्बन सोडावा, अशी मर्यादा या कायद्यात नाही. आहे ते 'हरित नौका' नावाचं मार्गदर्शन. केंद्राच्या बंदर, जहाज आणि जलमार्ग मंत्रालयाने ते जानेवारी २०२४ मध्ये कोलकात्यातल्या अंतर्देशीय जलमार्ग विकास परिषदेच्या पहिल्या बैठकीत आणलं. राज्यांनी दहा वर्षांत आपल्या प्रवासी बोटींपैकी ५० टक्के हरित इंधनावर न्याव्यात, २०४५ पर्यंत सगळ्याच, असं त्यात म्हटलंय. मार्गदर्शन म्हणजे दंड नव्हे. पण आज घेतलेली लाँच नीट सांभाळली तर २०४५ ला ती पाण्यात असण्याची बरीच शक्यता आहे. कर्ज पंधरा वर्षांचं नि बोट पंचवीस वर्षांची असेल, तर हा आकडा तुमच्या हिशोबात धरायलाच हवा. शिवाय सरकारी टेंडरमध्ये अशी उद्दिष्टं अटी होऊन कधी येतील, ते आधी कुणी कळवत नाही.

युरोपातल्या ऱ्हाईन नदीवरही मामला असाच दुपदरी आहे, फक्त दोन्ही पदर जास्त जाड आहेत. तिथे नव्या इंजिनांना 'स्टेज पाच' हे मानक लागतं : ३०० किलोवॉटच्या खालच्या इंजिनांना २०१९ पासून, वरच्यांना २०२० पासून. ते काजळी आणि नायट्रोजन ऑक्साइड मोजतं, कार्बन डायऑक्साइड नाही. कार्बनसाठी २०१८ चा मानहाइमचा जाहीरनामा आहे : २०१५ च्या तुलनेत २०३५ पर्यंत ३५ टक्के घट, २०५० पर्यंत जवळपास शून्य. म्हणजे तिथेही धुराला नियम आणि कार्बनला वायदा. एखादा विक्रेता "साहेब, हे युरोपियन मानकाचं इंजिन, कार्बनची चिंताच नको" म्हणाला, तर त्याला हा फरक विचारा. इंजिन चांगलंच असेल, पण लिटरमागे कार्बन तेवढाच सोडेल.

३. डिझेलची वही

एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. इंजिन जुनं असो, नवं असो, तांडेल (बोट चालवणारा) कितीही हुशार असो, हा आकडा हलत नाही. त्यामुळे कार्बन मोजायला यंत्र लागत नाही. लिटर मोजले की झालं.

पण लिटर मोजणं हीच अवघड गोष्ट आहे. पंपाच्या पावत्या म्हणजे मोजणी नव्हे. पावती सांगते किती घेतलं, किती जळलं ते नाही. कॅनमधून ओतताना सांडतं, कधी दुसऱ्या बोटीला उसनं दिलं जातं, कधी आणखी काही होतं, ते तुम्हाला कळेलच.

पद्धत सोपी आहे. सकाळी इंजिन सुरू करण्याआधी, बोट धक्क्याला सरळ उभी असताना, टाकीत मोजपट्टी सोडायची. माणसं चढल्यावर मोजू नका. बोट कलते, डिझेल एका बाजूला जातं आणि पट्टी वीस लिटर कमी-जास्त दाखवते. पट्टीला आधी खडू फासला की ओली रेघ स्वच्छ दिसते. ती रेघ बघून सेंटिमीटर लिहायचे, लिटर नाही. लिटरचं कोष्टक एकदाच करून इंजिनरूमच्या दाराला चिकटवा. टाकीचा तळ चपटा नसतो, म्हणून खालचे दहा सेंटिमीटर आणि वरचे दहा सेंटिमीटर यांत सारखं डिझेल मावत नाही. रिकाम्या टाकीत वीस-वीस लिटर ओतत पट्टी लावत गेलात की कोष्टक तयार. अर्धा दिवस जातो.

वहीत एवढे रकाने पुरतात : तारीख, सकाळची पट्टी, दिवसभरात भरलेलं डिझेल, संध्याकाळची पट्टी, फेऱ्या, प्रवासी, भरती की ओहोटी, आणि धक्क्याला इंजिन चालू ठेवून उभं राहिलेली मिनिटं.

शेवटचा रकाना लोकांना फालतू वाटतो. आमच्या तांडेलमामांनाही वाटला होता. एका लाँचवर दोन महिने वही ठेवून घेतली, तेव्हा दिसलं की रोजच्या ६० लिटरांतले जवळजवळ १० लिटर दोर बांधलेला असताना जळत होते. मामांना विचारलं, इंजिन बंद का नाही करत? ते म्हणाले, "परत चालू नाय झालं तर माणसांसमोर शोभा." खरं होतं. स्टार्टरची बॅटरी मेली होती, सकाळीच तीनदा स्टार्टर मारावा लागायचा. नवी बॅटरी बसवली आणि ते दहा लिटर वाचायला लागले. वर्षाचे २५० दिवस धरले तर अडीच हजार लिटर, म्हणजे पावणेसात टनांच्या आसपास कार्बन. कार्बन कमी करण्याचा याहून स्वस्त उपाय मी अजून पाहिलेला नाही.

४. इंजिनाला हात न लावता

वेग थोडा सोडा. साधारण नियम असा की बोटीला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या हिशोबात वाढते. १० नॉटची (ताशी सागरी मैल) ९ नॉट केलीत तर ताकद २७ टक्के कमी लागते. फेरीला वेळ जास्त लागतो तो धरूनही डिझेल १९ टक्क्यांच्या आसपास वाचतं. पाच सागरी मैलांच्या फेरीत जादा जातात साडेतीन मिनिटांहून कमी. प्रवाशाला कळतही नाही. वेळापत्रक करणाऱ्याला मात्र कळतं, म्हणून आधी त्याच्याशी बोला.

ओहोटीला उथळ पाण्यात रेटू नका. तळाखाली पाणी कमी झालं की बोट मागून बसते, मागची लाट फुगते, इंजिन ओरडतं आणि वेग काही वाढत नाही. अशा वेळी थ्रॉटल खाली घेणं हाच शहाणपणा. बुडाला चिकटलेली शिंपलं वर्षातून दोनदा खरवडून काढा. पंख्याच्या पात्यावरची आधी, कारण तिथली थोडी घाणही जास्त खाते.

५. इंधन बदलायचं ठरवलंत तर

बायोडिझेल : कागदावर सर्वांत सोपं. जुन्या टाकीत तळाला बसलेला गाळ ते सुटा करतं आणि पहिल्या काही दिवसांत फिल्टर भराभर तुंबतात. जुने रबरी पाइपही मऊ पाडतं. पाणी धरून ठेवतं, आणि खाडीच्या दमट हवेत हे चांगलं नाही. सुरुवात थोड्या मिश्रणाने करा, जादा फिल्टर बोटीवर ठेवा, इंजिन बनवणाऱ्याकडून किती टक्के चालेल ते लेखी घ्या.

सीएनजी : वाराणसीत शेकडो बोटी सीएनजीवर गेल्या, घाटावर तरंगता पंपही आला. धूर आणि आवाज खूप कमी होतो. तेवढ्याच उष्णतेमागे कार्बन डिझेलपेक्षा साधारण चौथाई कमी. पण न जळलेला गॅस निसटला तर मिथेन शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापवतो. तेव्हा जोडण्या घट्ट हव्यात. आणि तुमच्या धक्क्यापासून पंप किती लांब आहे, हा प्रश्न आधी.

हायड्रोजन : फेब्रुवारी २०२४ मध्ये कोचीन शिपयार्डने बांधलेल्या, वाराणसीसाठीच्या ५० आसनांच्या बोटीला हिरवा झेंडा मिळाला. बघायला जा. विकत घ्यायचा विचार सध्या सोडा.

बॅटरी : यावर जरा थांबून हिशोब करू, कारण इथे सर्वांत जास्त थापा मारल्या जातात. वरचीच लाँच घ्या, रोज ६० लिटर. जळलेला कार्बन १६१ किलो. छोटं इंजिन एका लिटरमधून शाफ्टवर साधारण ३.३ युनिट काम देतं, म्हणजे दिवसाचे जवळपास २०० युनिट. तेच काम बॅटरी आणि मोटरने करायचं तर चार्जिंगमधली घट धरून प्लगमधून २३५ युनिट घ्यावे लागतील. आपल्या देशाच्या विजेत अजून कोळसाच जास्त, त्यामुळे एका युनिटमागे ०.७२ किलोच्या आसपास कार्बन पडतो. गुणाकार करा : १६९ किलो. डिझेलपेक्षा कमी नाहीच, वर थोडा जास्त!

मग काय, बॅटरी खोटी? नाही. धक्क्याला उभी असताना मोटर काही खात नाही, तेव्हा ते दहा लिटर आधीच गेले. राहिले ५० लिटरांचं काम : प्लगमधून १९४ युनिट, कार्बन १४० किलो. छपरावर १० किलोवॉटचं सोलर टाकलंत तर कोरड्या हंगामात दिवसाला ४० युनिटच्या आसपास मिळतात. राहिले १५४ युनिट, १११ किलो. इथे पहिल्यांदा ३१ टक्क्यांची खरी घट दिसली. बोटीचा आकार बदललात तर आणखी. केरळात वैक्कम ते तवणक्कडव धावणारी 'आदित्य' ही ७५ माणसांची सौर फेरी २०१७ पासून चालतेय. तिच्या छपरावर २० किलोवॉटची पॅनेल आहेत. लोक त्या पॅनेलांचेच फोटो काढतात. माझ्या मते तिची खरी करामत पाण्याखाली आहे, हलक्या आणि निमुळत्या जोड-बुडात (शेजारी जोडलेल्या दोन बुडांत). म्हणून जुन्या जड लाकडी लाँचमध्ये नुसती बॅटरी टाकून 'हरित' झाल्याचा बोर्ड लावू नका.

कोची वॉटर मेट्रो एप्रिल २०२३ मध्ये सुरू झाली, तिच्या शंभर माणसांच्या बोटींत लवकर चार्ज होणाऱ्या एलटीओ (लिथियम टायटॅनेट) बॅटऱ्या आहेत. थांब्यावर दहा-पंधरा मिनिटांत चार्ज मिळतो, पण त्यासाठी प्रत्येक थांब्यावर तेवढी वीज हवी. आपल्याकडे जेटीवर दोन ट्यूबलाइट आणि एक चहाची टपरी यांच्यापुरतं कनेक्शन असतं. महावितरणकडे वाढीव भार मागायचा अर्ज बोटीच्या ऑर्डरआधी करा, नंतर नव्हे.

आणि पावसाळा. मुंबईच्या गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या लाँच जूनच्या सुमारास बंद होतात, त्या ऑगस्टअखेरपर्यंत. बॅटरीवर घेतलेल्या कर्जाला पावसाळी सुट्टी नसते. बंद काळात बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवायची नाही. अर्ध्याच्या आसपास ठेवून महिन्यातून एकदा बघायची. दाभोळ-धोपावेसारखी बारमाही चालणारी जंगलजेटी (गाड्या नेणारी फेरीबोट) असेल, तर हिशोब आपोआप सुधारतो.

६. खोलण्याआधीचे कागद

इंजिन काढून मोटर बसवणं म्हणजे टायर बदलणं नव्हे. बोटीचं वजन, तोल, आगीचा धोका सगळं बदलतं, म्हणून आराखडे आधी मंजूर हवेत. कायद्यात वेगळी ऊर्जा किंवा वेगळं इंधन वापरणाऱ्या बोटींसाठी विशेष वर्ग आहे. तुमची बोट त्यात बसते का, हे नोंदणी कार्यालयाला लेखी विचारा. नौका-रचनाकाराकडून तोलाचं गणित नव्याने करून घ्या, बॅटरीच्या खोलीला वेगळी हवा आणि वेगळी आगविरोधी सोय दाखवा. माझ्या एका गिऱ्हाइकाने आधी काम उरकलं आणि मग सर्वेला बोलावलं. बॅटऱ्या मागे बसवल्यामुळे बोट शेपटीवर बसली होती. सगळ्या पुन्हा पुढे न्याव्या लागल्या, हंगामाचा पहिला महिना गेला.

नवी बोट बांधत असाल तर केंद्राचं जहाजबांधणीचं साहाय्य मालकाला नाही, यार्डाला मिळतं. तेव्हा दर ठरवताना यार्डाला विचारा : ते तुम्ही घेताय का, आणि माझ्या किमतीत किती उतरवताय?

७. बार्जवाल्यांना मागितला जाणारा आकडा

प्रवासी लाँचला अजून कार्बनचा आकडा कुणी मागत नाही. बार्जला मागतात. धरमतरच्या खाडीतून पोलाद कारखान्याला कोळसा-खनिज जातं, गोव्यात जेटीवरून मुरगावकडे. माल मागवणाऱ्या मोठ्या कंपन्या शेअर बाजारात असतात, त्यांना सेबीच्या नमुन्यात पर्यावरणाचा अहवाल द्यावा लागतो, आणि मग त्यांच्या ऑफिसातून मेल येतो : टन-किलोमीटरमागे (एक टन माल एक किलोमीटर नेण्यामागे) किती ग्रॅम?

उदाहरण घेऊ. २,००० टन माल, ४० किलोमीटर. भरून जाताना ४०० लिटर, रिकामं परतताना २६०. टन-किलोमीटर झाले ८०,०००. नवखा माणूस ४०० लिटरचाच कार्बन काढतो, १,०७२ किलो, भागून १३.४ ग्रॅम, आणि खूश होतो. रिकामी फेरी गिऱ्हाइकाच्या मालासाठीच झाली, ती धरायलाच हवी. ६६० लिटर म्हणजे १,७६९ किलो, २२ ग्रॅमच्या आसपास. वाहतुकीतल्या कार्बनमोजणीचं आयएसओ १४०८३ हे मानक २०२३ मध्ये आलं, त्यात तर डिझेल विहिरीतून काढून, शुद्ध करून पंपापर्यंत आणण्याचा कार्बनही धरतात. लिटरमागे साधारण ३.२४ किलो घ्या, आकडा २६.७ ग्रॅमवर जातो. तिन्ही आकडे एकाच फेरीचे! त्यामुळे मेलला उत्तर देताना आकड्यासोबत दोन गोष्टी लिहा : रिकामी फेरी धरली आहे का, आणि लिटरमागे किती किलो धरलेत.

जलमार्ग प्राधिकरणाच्या कागदांत एक आकडा नेहमी येतो : १ लिटर इंधनात एक टन माल रस्त्याने २४ किलोमीटर, रेल्वेने ८५, पाण्याने १०५ किलोमीटर जातो. गिऱ्हाइकाला तो पाठवून मोकळं व्हायचा मोह होतो. पाठवू नका. वरच्या उदाहरणातल्या बार्जचा रिकामी फेरी धरून १२१ येतो, तुमचा ८० ही येईल. गिऱ्हाइकाला तुमच्या वहीतलाच हवा असतो.

टनांचा आकडाही गिऱ्हाइकाच्या चलनावरून उचलू नका. भरण्याआधी आणि भरल्यावर बार्जच्या दोन्ही बाजूंचे, पुढचे, मधले आणि मागचे ड्राफ्टचे (बार्ज किती पाण्यात बुडाला आहे त्याचे) आकडे वाचा, त्याच वहीत लिहा, खाली सारंगाची (बार्जच्या प्रमुखाची) सही घ्या. सकाळी लवकर वाचा, वारा सुटायच्या आत. लाटा हलायला लागल्या की दोन सेंटिमीटर कुठे गेले, ते कुणालाच सांगता येत नाही.